टायटॅनियमच्या उत्प्रेरकात झिंक घातलं, ॲक्टिव्हिटी वाढली, श्रेय कुणाचं?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. तुम्ही पुण्यात एम.एस्सी.ला आहात आणि प्रकल्प पॉलिइथिलीनच्या झीग्लर-नाट्टा उत्प्रेरकावर आहे. मॅग्नेशियम क्लोराइडवर टायटॅनियम टेट्राक्लोराइड बसवताना तुम्ही त्यात थोडं झिंक क्लोराइड मिसळलंत. मग हेक्झेनमध्ये, ट्रायइथिल ॲल्युमिनियमबरोबर, इथिलीनचं पॉलिमरायझेशन केलं. दर ग्रॅम टायटॅनियममागे मिळणारं पॉलिमर, म्हणजे ॲक्टिव्हिटी, सुमारे दीडपट झालं, सोबत एमएफआयही (मेल्ट फ्लो इंडेक्स: वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा; साखळ्या आखूड तितका तो जास्त) वाढला. गाइड म्हणतात, ‘बायमेटॅलिक सिनर्जी’, म्हणजे दोन धातूंनी मिळून साधलेला जादा परिणाम, असं लिहून टाका. तुम्हाला ते पटत नाही. शिवाय पुढचा धातू लोह घ्यावा की झिर्कोनियम, असंही तुम्ही विचारलंय.

पटत नाही ते बरोबरच आहे. तुमच्या हातात आज जे दोन आकडे आहेत, त्यांवरून झिंकनं काय केलं हे ठरत नाही. माझी नोकरीची बहुतेक वर्षं पॉलिओलेफिनचे उत्प्रेरक बनवण्यात आणि तपासण्यात गेली. त्यात एक प्रश्न मी पहिल्यांदा विचारायला शिकलो: पॉलिमरची साखळी वाढत असताना हा दुसरा धातू नेमका कुठे आहे? घन कणात टायटॅनियमला खेटून, की हेक्झेनमध्ये विरघळून, की त्याचं काम उत्प्रेरक बनवतानाच संपलंय? तिन्ही ठिकाणी ॲक्टिव्हिटी वाढू शकते, पण कारणं वेगवेगळी आणि उपायही वेगवेगळे.

मुळात तुमच्या उत्प्रेरकात झिंक हा दुसरा धातू नाहीच, चौथा आहे. टायटॅनियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम आधीपासूनच तिथे आहेत. त्यांची कामं नीट समजून घेतली तर झिंककडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं, म्हणून तिथून सुरुवात करू.

मॅग्नेशियम स्वतः काही साखळी वाढवत नाही. सुरुवातीच्या काळात पॉलिप्रॉपिलीन टायटॅनियम ट्रायक्लोराइडच्या स्फटिकांवर बनायचं. त्यातलं बहुतेक टायटॅनियम स्फटिकाच्या पोटात अडकलेलं असे. प्रॉपिलीन तिथपर्यंत पोचणारच नाही, त्यामुळे काम फक्त पृष्ठभागावरच्या थोड्या अणूंचं. उरलेलं टायटॅनियम आणि क्लोरीन प्लास्टिकमध्ये राहायचं, आणि ते अल्कोहोलनं धुऊन काढायला कारखान्यात एक वेगळा विभागच लागायचा. 1960 च्या दशकाच्या अखेरीस इटलीत माँटेडिसन आणि जपानमध्ये मित्सुई यांनी मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार वापरायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. मॅग्नेशियम क्लोराइड आणि टायटॅनियम ट्रायक्लोराइड यांची थरांची रचना सारखी आहे, आणि दोन्ही आयनांचे आकारही जवळचे. त्यामुळे टायटॅनियम त्या थरांच्या कडांवर बिनतक्रार बसतं, आणि बसलेलं बरंचसं कामाला येतं. धुण्याचा विभाग बंद झाला. आज भोसरी-चाकणमध्ये मोल्डिंगवाले जे पॉलिप्रॉपिलीन (पीपी) वापरतात, त्यात उत्प्रेरकाचे अवशेष काढलेले नसतात. ते इतके कमी असतात की काढावेच लागत नाहीत. दुसऱ्या धातूनं प्लास्टिकच्या धंद्यात घडवलेला हा माझ्या मते सगळ्यात मोठा बदल. आणि तो आधार देऊन घडवला, रासायनिक क्रियेत भाग घेऊन नव्हे.

ॲल्युमिनियमचं काम याच्या उलट. ते द्रवात असतं आणि सगळीकडे हात घालतं. टायटॅनियमवरचा एक क्लोरीन काढून तिथे इथिल गट बसवतं, म्हणजे साखळीची पहिली कडी तयार होते. टायटॅनियमला चार संयुजेवरून तीनवर आणतं. हेक्झेनमधलं उरलंसुरलं पाणी आणि ऑक्सिजन स्वतः खाऊन टाकतं. थोड्या प्रमाणात वाढती साखळी स्वतःकडे ओढूनही घेतं. जास्त झालं किंवा जास्त वेळ टायटॅनियमबरोबर राहिलं, तर टायटॅनियम दोन संयुजेपर्यंत खाली जातं. असं टायटॅनियम इथिलीनला चालतं, प्रॉपिलीनला नाही. म्हणूनच इथिलीनवरचा निष्कर्ष पॉलिप्रॉपिलीनला जसाच्या तसा लावता येत नाही. तुमच्या गटातलं कुणी प्रॉपिलीनवर काम करत असेल तर हे ध्यानात राहू द्या.

या क्षेत्राचा इतिहासच मुळी दुसऱ्या धातूपासून सुरू होतो. जर्मनीत म्युलहाइमच्या मॅक्स प्लांक संस्थेत कार्ल झीग्लर ट्रायइथिल ॲल्युमिनियमवर इथिलीनच्या साखळ्या वाढवत होते. एकदा साखळी वाढायच्या ऐवजी जवळजवळ सगळं ब्युटीनच मिळालं. शोध घेतल्यावर कळलं की आटोक्लेव्हच्या स्टीलमधून आलेलं अगदी थोडं निकेल त्याला जबाबदार होतं. हा ‘निकेल इफेक्ट’. मग त्यांनी एकेक धातूचं संयुग घेऊन बघायला सुरुवात केली, आणि 1953 मध्ये झिर्कोनियम व त्यापेक्षाही टायटॅनियम यांनी निकेलच्या नेमकं उलट करून दाखवलं: लांबच लांब, सरळ साखळ्या. पुढच्याच वर्षी मिलानमध्ये जुलिओ नाट्टा यांनी स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन बनवलं, आणि 1963 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

त्याच सुमारास अमेरिकेत ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलला फिलिप्स पेट्रोलियममध्ये होगन आणि बँक्स हे दोघं निकेल ऑक्साइडच्या उत्प्रेरकावर प्रॉपिलीनपासून इंधनाचे घटक बनवायच्या प्रयत्नात होते. 1951 मध्ये त्यांनी त्यात क्रोमियम ऑक्साइड घातलं आणि नळीत पांढरं घन प्लास्टिक साठलं. आता इथे तुमच्यासारखाच प्रसंग आहे. निकेलमध्ये क्रोमियम घातलं, नवं काही मिळालं. ‘निकेल-क्रोमियम सिनर्जी’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी निकेल काढून टाकलं आणि नुसतं क्रोमियम वापरून पाहिलं. प्लास्टिक तरीही मिळालं. ‘दुसरा’ म्हणून घातलेला धातूच खरा कर्ता होता आणि पहिल्याची गरजच नव्हती. घागरी, ड्रम, मोठे डबे फुंकून बनवायचं पॉलिइथिलीन आजही मोठ्या प्रमाणावर त्याच क्रोमियमच्या उत्प्रेरकावर बनतं. एक धातू काढून पाहायचा हा प्रयोग साधा आहे, पण प्रकल्पांच्या घाईत नेमका तोच राहून जातो.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. ‘दर ग्रॅम टायटॅनियममागे’ हा भाजक दिशाभूल करू शकतो. समजा झिंकशिवायच्या उत्प्रेरकात टायटॅनियम 4 टक्के आहे आणि एक ग्रॅम उत्प्रेरक 20 किलो पॉलिमर देतो. म्हणजे दर ग्रॅम टायटॅनियममागे 500 किलो. झिंक क्लोराइडनं पृष्ठभागावरची काही जागा घेतली आणि टायटॅनियम 2.5 टक्क्यांवर आलं, पण एक ग्रॅम उत्प्रेरक अजूनही 20 किलोच देतोय. हिशेब केला तर दर ग्रॅम टायटॅनियममागे 800 किलो. कागदावर 60 टक्के वाढ, रिऍक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पावडरीत शून्य वाढ. हे खोटं नाही, त्याला अर्थही आहे: जे टायटॅनियम एरवी निकामी बसायचं ते आता बसलंच नाही. पण याला सिनर्जी म्हणत नाहीत. म्हणून दोन्ही उत्प्रेरकांचं आयसीपी (नमुन्यात कोणता धातू किती आहे ते मोजणारी चाचणी) करून टायटॅनियम, मॅग्नेशियम आणि झिंक यांची टक्केवारी काढा, आणि ॲक्टिव्हिटी दोन्ही प्रकारे लिहा: दर ग्रॅम उत्प्रेरक आणि दर ग्रॅम टायटॅनियम. रेसिपीत किती घातलं ते लिहू नका; कणात किती राहिलं तेच महत्त्वाचं.

दुसरी शंका पाण्याची. झिंक क्लोराइड हवेतली ओल इतक्या झपाट्यानं ओढतं की जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात उघड्या तराजूवर ते वजन करेपर्यंत कण एकमेकांना चिकटायला लागतात, थोड्या वेळानं तर ओलसर लगदाच होतो. असं झिंक क्लोराइड टायटॅनियम टेट्राक्लोराइडमध्ये गेलं की पांढरा धूर निघतो. तो हायड्रोजन क्लोराइडचा. मागे टायटॅनियमची ऑक्सिक्लोराइडं राहतात, जी आयसीपीमध्ये मोजली जातात पण साखळी वाढवत नाहीत. तुलना मग झिंक आणि बिनझिंक अशी न राहता ओलं आणि कोरडं अशी होते. झिंक क्लोराइड निर्वातात वितळवून कोरडं करा किंवा थायोनिल क्लोराइडबरोबर रिफ्लक्स करून घ्या, वजन ग्लोव्ह बॉक्समध्येच करा. थायोनिल क्लोराइडचं काम फ्यूम हूडमध्ये आणि कुणीतरी अनुभवी माणूस सोबत असतानाच. ट्रायइथिल ॲल्युमिनियम हवेत आपोआप पेटतं हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहून ठेवतो.

पावसाळ्याचा आणखी एक त्रास. हेक्झेन चाळणीवर, म्हणजे ओल शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हवर, ठेवलेलं असलं तरी ऋतू बदलला की साध्या उत्प्रेरकाची ॲक्टिव्हिटीही सरकते. बिनझिंकचे प्रयोग मार्चमध्ये आणि झिंकचे जुलैमध्ये केले असतील तर ती तुलना ग्राह्य धरू नका. दोन्ही उत्प्रेरक एकाच आठवड्यात, एकाच कॅनमधल्या हेक्झेनमध्ये, आलटूनपालटून चालवा.

आता एमएफआय. ॲक्टिव्हिटी आणि एमएफआय दोन्ही वाढले यावरून झिंकनं साखळ्या तोडल्या असं वाटतं, आणि ती शक्यता आहेच. त्याआधी दोन सोप्या शक्यता खोडायला हव्यात. पहिली उष्णतेची: इथिलीनचं पॉलिमरायझेशन बऱ्यापैकी उष्णता बाहेर टाकतं. ॲक्टिव्हिटी दीडपट झाली की पहिल्या काही मिनिटांत तापमान सेटिंगच्या वर उसळतं, आणि तापमान वाढलं की रेणूभार आपोआप घसरतो. तापमानाचा आलेख काढून पाहा. दुसरी हायड्रोजनची: रेणूभार ठरवायला तुम्ही सुरुवातीला हायड्रोजनचा ठरावीक डोस देता. उत्प्रेरक इथिलीन इतक्या वेगानं खात असेल की गॅस विरघळायला वेळच मिळत नाही, तर द्रवात इथिलीन कमी आणि हायड्रोजन तेवढाच, म्हणजे गुणोत्तर हायड्रोजनच्या बाजूनं झुकलं. एमएफआय वाढणारच. या दोन्हींवर उपाय एकच: झिंकवाल्या उत्प्रेरकाचं प्रमाण इतकं कमी करा की इथिलीन ओढण्याचा वेग दोन्ही प्रयोगांत सारखा होईल. तरीही एमएफआय वेगळा आला तर मग झिंककडे बघायचं.

झिंक करू काय शकतं? झिंक क्लोराइड आणि ट्रायइथिल ॲल्युमिनियम एकत्र आले की गटांची अदलाबदल होते आणि इथिल असलेलं झिंक तयार होतं, जे हेक्झेनमध्ये विरघळतं. डायइथिल झिंक हे साखळी उतरवून घेणारं संयुग म्हणून फार जुनं आहे. नाट्टांच्या काळापासून रेणूभार कमी करायला ते वापरलं गेलंय. म्हणजे तुम्ही घन कणात ठेवलेलं झिंक पॉलिमरायझेशन सुरू होताच कण सोडून द्रवात निघून गेलं असण्याची बरीच शक्यता आहे. हे तपासणं अवघड नाही. उत्प्रेरक ट्रायइथिल ॲल्युमिनियमबरोबर इथिलीनशिवाय, नेहमीच्या तापमानाला थोडा वेळ ढवळा, गाळा, कोरड्या हेक्झेननं धुवा, आणि घन भाग व गाळलेलं द्रव दोन्हींमधलं झिंक मोजा. बहुतेक झिंक द्रवात सापडलं तर ‘टायटॅनियमशेजारी बसलेला झिंक’ हे स्पष्टीकरण टिकत नाही.

मग उलटा प्रयोग करा. बिनझिंकचा उत्प्रेरक घ्या आणि रिऍक्टरमध्ये तेवढंच झिंक डायइथिल झिंकच्या रूपात, पातळ द्रावणातून द्या. एमएफआय तसाच वाढला पण ॲक्टिव्हिटी वाढली नाही, तर तुमच्याकडे एका धातूच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: बनवताना एक, चालवताना दुसरी. माझा अंदाज विचाराल तर असंच निघेल. अंदाज तो अंदाज, प्रयोगाची जागा घेत नाही.

या मोजणीत एक तांत्रिक अडचण येईल. साखळी झिंकवर उतरली का हे शुद्ध स्वरूपात बघायचं तर हायड्रोजन बंद ठेवायला हवा, कारण हायड्रोजनही साखळीचं टोक संपृक्तच (दुहेरी बंधाशिवाय) ठेवतो. आणि हायड्रोजन नसेल तर पॉलिमर इतकं जड होतं की 190 अंशांना 2.16 किलोच्या वजनाखाली ते डायमधून बाहेरच येत नाही. तिथे 21.6 किलोचं वजन लावा, किंवा डेकॅलिनमध्ये 135 अंशांना श्यानता मोजा. जीपीसी (साखळ्यांच्या लांबीची वाटणी दाखवणारी मोजणी) मिळाला तर उत्तमच. सोबत पातळ फिल्म दाबून इन्फ्रारेडमध्ये 908 सेमी⁻¹ च्या आसपासची व्हिनाइलची, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या टोकांची, पट्टी बघा. साखळ्या आखूड झाल्या आणि त्यांच्या संख्येच्या मानानं व्हिनाइलची टोकं कमी झाली, तर त्या धातूवर उतरल्या असं म्हणायला आधार मिळतो. आखूड होऊन व्हिनाइल तेवढ्याच पटीत वाढलं, तर कारण तापमान किंवा दुसरं काहीतरी आहे.

झिंकचा विषय निघालाच आहे तर दोन धातूंच्या मधला झिंक हे माझं आवडतं उदाहरण सांगतो, कारण त्यात दुसऱ्या धातूची जागा अगदी स्वच्छ दिसते. 2006 मध्ये डाऊ कंपनीच्या संशोधकांनी एकाच रिऍक्टरमध्ये दोन उत्प्रेरक चालवले, एक झिर्कोनियमचा, एक हॅफ्नियमचा. एकाला ऑक्टीनसारखा सहमोनोमर (इथिलीनबरोबर साखळीत गुंफला जाणारा दुसरा रेणू) फारसा घेता येत नाही, म्हणून तो कडक, स्फटिकी तुकडा बनवतो. दुसरा भरपूर घेतो आणि मऊ तुकडा बनवतो. दोन्ही नुसते एकत्र ठेवले तर दोन प्लास्टिकचं मिश्रण मिळेल. त्यात डायइथिल झिंक घातलं की खेळ खो-खोसारखा होतो: धावणारी साखळी झिंकच्या जागेवर बसते, तिथे बसलेली दुसरी उठून धावायला लागते, आणि उठणारी कधी झिर्कोनियमवर जाते कधी हॅफ्नियमवर. एकाच साखळीत कडक-मऊ-कडक-मऊ असे तुकडे येतात, आणि रबरासारखं ताणलं जाणारं, तरीही उष्णता बऱ्यापैकी सोसणारं पॉलिमर मिळतं. पण हे जमायला साखळी झिंकवरून परत उठायला हवी, आणि तीही झटपट. ते काम 120 अंशांच्या वर, सगळं विरघळलेल्या द्रावणात होतं. तुमच्या स्लरीत, 70-80 अंशांना, घन कणावरच्या टायटॅनियममध्ये साखळी झिंकवर उतरते ती बहुतांशी उतरलेलीच राहते. म्हणून तुमच्या अहवालात साखळीच्या या ये-जेला वापरतात तो ‘चेन शटलिंग’ हा शब्द येऊ देऊ नका.

ॲक्टिव्हिटीची वाढ दर ग्रॅम उत्प्रेरकामागेही टिकली, पाणी आणि तापमान दोन्ही बाजूला झाले, तर मग काय? तेव्हाही एक साधं कारण शिल्लक असतं. तुमची रेसिपी बहुधा इथेनॉल किंवा टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकात मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून सुरू होते. ते सगळं नंतर निघून जायला हवं, पण थोडं मॅग्नेशियमला चिकटून राहतं आणि टायटॅनियमच्या जागा अडवतं. झिंक क्लोराइड लुईस आम्ल आहे, म्हणजे दुसऱ्या रेणूची इलेक्ट्रॉनची जोडी स्वतःकडे घेणारं. ते हा अडकलेला ऑक्सिजनवाला रेणू स्वतःकडे ओढून घेऊ शकतं. जागा मोकळ्या होतात, पृष्ठभाग वाढतो, टायटॅनियम चांगल्या ठिकाणी बसतं. हा खरा परिणाम आहे, उपयोगाचाही आहे, पण त्यात झिंकपणाचा वाटा किती? इथे एक सुंदर नियंत्रण प्रयोग आहे: झिंक क्लोराइडऐवजी सिलिकॉन टेट्राक्लोराइड वापरून तोच आधार बनवा. सिलिकॉन धातूच नाही, आणि ते टायटॅनियमशेजारी धातूसारखं वागणार नाही, पण अडकलेलं अल्कोहोल मात्र काढेल. त्यानंही ॲक्टिव्हिटी तेवढीच वाढली, तर दुसऱ्या धातूचा मुद्दा तिथेच संपतो आणि तुमच्या हाती ‘आधार नीट साफ करा’ हा कारखान्यात जास्त कामाचा निष्कर्ष येतो.

मग खरी सिनर्जी कशाला म्हणायचं? दोन धातू एकमेकांपासून रेणूच्या अंतरावर आहेत, आणि दोघं मिळून असं काहीतरी करतात जे कुणालाही एकट्याला, किंवा दोघांना वेगवेगळं एकाच फ्लास्कमध्ये टाकून, करता येत नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टोबिन मार्क्स यांच्या गटानं टायटॅनियमचे किंवा झिर्कोनियमचे दोन अणू एकाच रेणूत बांधले. दोन केंद्रं जवळ आणली तर सहमोनोमर जास्त शिरतो, फांद्या वाढतात. मधला दुवा लांब केला की हा फरक ओसरतो. अंतर बदललं की परिणाम बदलतो, हा पुरावा मला पटतो. दुसरं उदाहरण ऑक्सफर्डमधल्या शार्लट विल्यम्स यांच्या गटाचं, कार्बन डायऑक्साइड आणि इपॉक्साइडपासून पॉलिकार्बोनेट बनवायचं. एकाच रेणूत मॅग्नेशियम आणि कोबाल्ट बसवलेला उत्प्रेरक त्यांनी मॅग्नेशियम-मॅग्नेशियम आणि कोबाल्ट-कोबाल्ट अशा दोन्ही जोड्यांशी ताडून पाहिला. मिश्र जोडी दोघींपेक्षा सरस ठरली. नुसतं तेवढ्यावर न थांबता त्यांनी वेगवेगळ्या तापमानांना वेग मोजून दाखवलं की इपॉक्साइडला धरून ठेवायचं काम मॅग्नेशियमकडे आहे, आणि कोबाल्टवरचा कार्बोनेट गट त्याच्यावर हल्ला करतो. ‘सिनर्जी’ शब्दाची किंमत एवढी आहे. तुमच्या घन उत्प्रेरकात, जिथे टायटॅनियमच्या जागाच अनेक प्रकारच्या आहेत, ही किंमत भरणं एम.एस्सी.च्या काळात अवघड आहे, त्यात कमीपणा काही नाही.

प्लास्टिकच्या कच्च्या मालातही दुसरा धातू असतो आणि तिथलं काम तर निव्वळ आवर घालण्याचं असतं. क्रॅकरमधून (रेणू उष्णतेनं फोडणाऱ्या भट्टीतून) येणाऱ्या इथिलीनमधलं ॲसिटिलीन काढायला पॅलेडियम वापरतात, पण एकटं पॅलेडियम उत्साहाच्या भरात इथिलीनचंही इथेन करून टाकतं. चांदी घातली की ते ताळ्यावर येतं. प्रॉपेनपासून प्रॉपिलीन बनवताना प्लॅटिनममध्ये कथील घालतात ते याच जातीचं: प्लॅटिनमचे मोठे पुंजके फोडायचे, म्हणजे कोळसा कमी साचतो आणि बनलेलं प्रॉपिलीन लवकर सुटतं. बाटल्यांच्या पीईटीमध्ये मुख्य उत्प्रेरक अँटिमनीचा असतो आणि थोडं कोबाल्ट असतं; ते कोबाल्ट पिवळी झाक लपवायला असतं, वेगासाठी नव्हे.

लोह की झिर्कोनियम याचं उत्तर कशासाठी यावर आहे. लोहाचे क्लोराइड मॅग्नेशियमच्या आधारात मिसळून ॲक्टिव्हिटी वाढल्याचे निबंध आहेत, तुम्हीही ते वाचले असतील. पण लोह प्लास्टिकमध्ये राहतं, आणि ते हायड्रोपरॉक्साइडं फोडून ऑक्सिडेशनला वेग देतं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तर हे फारच लवकर जाणवतं. किती राहतं याचा हिशेब करा. उत्प्रेरकात 3 टक्के लोह आणि ग्रॅमला 20 किलो पॉलिमर, म्हणजे लोह 1.5 पीपीएम (दहा लाखांत दीड भाग). प्रयोगशाळेत ग्रॅमला 2 किलोच मिळत असतील तर 15 पीपीएम. पहिल्या ठिकाणी एखादवेळी निभेल, दुसऱ्या ठिकाणी मला काळजी वाटेल. लोह घेतलंत तर अँटिऑक्सिडंट न घालता डीएससी या उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर ऑक्सिडेशन इंडक्शन टाइम (ऑक्सिजनमध्ये तापवल्यावर ऑक्सिडेशन सुरू होईपर्यंतचा वेळ) मोजा आणि बिनलोहाच्या पॉलिमरशेजारी तो आकडा छापा. उद्या कुणी चाकणचा मोल्डर पट्टी पिवळी का पडली विचारेल तेव्हा हाच आकडा लागेल.

झिर्कोनियमचं प्रकरण वेगळं. ते स्वतःच साखळी वाढवू शकतं, म्हणजे तुमच्या कणात दोन स्वतंत्र उत्प्रेरक एकत्र नांदतील. हायड्रोजनला दोघांचा प्रतिसाद वेगळा, त्यामुळे जीपीसीमध्ये रुंद किंवा दोन उंचवट्यांचा आलेख येऊ शकतो. पाण्याच्या पाइपचं पॉलिइथिलीन असंच दोन उंचवट्यांचं हवं असतं, जरी ते बहुतेक ठिकाणी दोन रिऍक्टर एकापुढे एक ठेवून मिळवतात. तुमच्याकडे जीपीसीची सोय असेल तरच या वाटेला जा. फक्त एमएफआयवर हे कळणार नाही. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिओलेफिन उत्प्रेरकांवर पुष्कळ काम झालंय, तिथल्या जुन्या पीएच.डी. प्रबंधांत साधे नियंत्रण प्रयोग फार नीट लिहिलेले सापडतील. गाइडमार्फत ते वाचायला मिळाले तर नक्की वाचा.

माझा सल्ला, नवा धातू आणण्याआधी झिंकचंच पूर्ण करा. क्रम असा ठेवा: आधी आयसीपी, कारण त्यानं कदाचित निम्मा प्रश्न सुटेल. मग कोरडं झिंक क्लोराइड वापरून नवी बॅच. मग इथिलीन ओढण्याचा वेग सारखा ठेवून एमएफआय. मग सिलिकॉन टेट्राक्लोराइडचा आधार, आणि डायइथिल झिंकचा प्रयोग शेवटी, कारण तो सगळ्यात धोक्याचा आहे. प्रत्येक प्रयोगात इथिलीनचा प्रवाह वेळेबरोबर नोंदवा, नुसतं शेवटचं वजन नको. झिंकची रेषा सुरुवातीपासूनच वर असेल आणि त्याच वेगानं उतरत असेल तर जागा जास्त आहेत; सावकाश उतरत असेल तर जागा टिकाऊ झाल्या आहेत. या दोन्हींची कारणं वेगळी लिहावी लागतील.

आणि गाइडना नाराज न करता अहवालात आज काय लिहायचं असेल तर असं लिहा: ‘झिंक क्लोराइडयुक्त आधारावर दर ग्रॅम टायटॅनियममागे ॲक्टिव्हिटी वाढली, झिंकचा सहभाग उत्प्रेरक बनवताना आहे की पॉलिमरायझेशनच्या वेळी, याची तपासणी चालू आहे.’ यातला प्रत्येक शब्द तुमच्याकडच्या आकड्यांवर उभा आहे. टायटॅनियमची दोन्ही टक्केवारी, झिंक क्लोराइड कसं कोरडं केलं होतं, आणि हायड्रोजन किती दिला होता, हे तीन तपशील कळवलेत तर यापुढचं मी जास्त नेमकं सांगू शकेन.